कोर्ट सुटलं की बारमध्ये

तो फोन हिंमतराव कवडे सरांनी स्वतःहून लावला. कुणी आग्रह केला नव्हता. उलट त्यांच्या पत्नी तारामतीबाई स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होत्या की आधी जेवून घ्या, आमटी निवतीय. पण आपली एकुलती एक लेक वकील होते, वाशी तालुक्याच्या कोर्टात जम बसवते आणि एवढ्या कमी वयात बिनविरोध पदाधिकारी होते, ही बातमी होणाऱ्या सोयऱ्यांना आमटीनंतर कळवायची, हे सरांना पटण्यासारखं नव्हतं.

सर जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. शब्द वापरायचा तर अचूक वापरायचा आणि त्याचं मूळ ठाऊक असल्याशिवाय तोंडात घ्यायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. आता शब्दाचं मूळ आपल्याला ठाऊक असलं म्हणून ऐकणाऱ्यालाही असेल असं नाही, ही साधी गोष्ट एवढी वर्षं वर्गापुढं उभं राहूनही त्यांच्या ध्यानात आली नव्हती. वर्गाचा एक फायदा असतो. तिथं कुणी उलट विचारत नाही.

होणारे सोयरे म्हणजे तेरजवळच्या एका वाडीचे दगडोबा आण्णा. नवरदेव युवराज हा त्यांचा नातू, कृषी खात्यात नोकरीला. पण घरात शब्द चालायचा तो आण्णांचा. आण्णा गळ्यात माळ घातलेले, आणि नुसती माळ घालून गप्प बसणारे नव्हते. वाडीतल्या बायाबापड्या गोळा करून, दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मतं पाडून त्यांनी दारूचं दुकान बंद केलं होतं. साखरपुडा येत्या रविवारी वाडीतच होता.

"आण्णा, नमस्कार. वाशीहून हिंमतराव बोलतोय. गोड बातमी आहे."

"बोला की सर."

"आमची शिवरंजनी बारची सेक्रेटरी झाली!"

पलीकडं एक गाय हंबरली. 

"कशाची म्हणलाव?"

"बारची! बिनविरोध!"

"आन... कोर्ट सोडलं व्हय पोरीनं?"

"छे छे! कोर्ट कसं सोडेल? दिवसभर कोर्टातच असते. कोर्ट सुटलं की बारमध्ये बसते. सगळेच बसतात हो तिथं. एखाद्या कार्यक्रमाला जज्जसाहेबसुद्धा येऊन जातात."

"आन सेक्रेटरी म्हंजी काय बघावं लागतं तिला?"

"सगळंच. कोण आलं, कोण गेलं, कुणाला काय हवं-नको. आता तिच्याशिवाय बारचं पान हलायचं नाही."

"बरं," आण्णा म्हणाले.  "ठिवतो."

सरांनी मागं वळून पाहिलं तर दारात तारामतीबाई हातात पळी घेऊन उभ्या.

"बार म्हणालात तुम्ही?"

"मग काय म्हणू?"

"वकील संघ म्हणतात त्याला. पेपरात तसंच येतं."

"संघ म्हटलं की कबड्डीचा वाटतो."

"कबड्डीचा वाटला असता तर बरं झालं असतं," असं म्हणून त्या आत गेल्या, तेव्हा कुठं आण्णांनी काय ऐकलं असेल ते सरांच्या ध्यानात आलं.

त्यांनी पुन्हा फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. चारच्या चहाला लावला, दिवेलागणीला लावला, तेच. युवराजला फोन करावा तर होणाऱ्या जावयाला 'तुमच्या आजोबांना आमची मुलगी दारूच्या गुत्त्यावर बसते असं तर वाटलं नाही ना' हे कोणत्या शब्दांत विचारायचं, ते सरांना मराठीत सुचेना आणि इंग्रजीतही सुचेना. शिवरंजनीला सांगायचं तर ती उलटतपासणी घेणार. म्हणून सरांनी तिला काहीच सांगितलं नाही. इथंच दुसरी चूक झाली.

तिसरी चूक शेजाऱ्यांना विचारण्याची. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार सोमलिंग आप्पा म्हणाले, "फोनवर सांगू नका सर. फोनवर माणूस अर्धंच ऐकतंय. डोळ्याला दिसल असं कायतरी करा." समोरच्या घरातले हैदरभाई म्हणाले, "फ्लेक्स लावू. काळ्या कोटातला बेटीचा मोठा फोटो. त्याचा फोटो काढून आण्णांना धाडा. कोट दिसला की झगडा खतम." हैदरभाईंचा तेरखेड्याला फटाक्यांचा कारखाना. कुठल्याही अडचणीवर काहीतरी मोठं, रंगीत आणि सगळ्या गावाला दिसेल असं करावं, हा त्यांचा धंद्यातून आलेला स्वभाव.

सरांना ते पटलं. फ्लेक्सला परवानगी लागते म्हणून ते रीतसर नगरपंचायतीच्या कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"बारचं काम इथं न्हाय होत. दारूबंदीवाल्यांचं हापिस वेगळं हाय."

"अहो, हा तो बार नव्हे."

"देशी हाय का?"

सरांनी खिडकीच्या गजाला हात घातला आणि बार या शब्दाचा उगम सांगायला सुरुवात केली. मागं रांग वाढली. रांगेतली एक बाई म्हणाली, "बाबा, त्यास्नी द्या की एकदाचा बार, आमाला दाखला पायजे." कारकुनानं कंटाळून शिक्का मारला. पण चौकात मनाई, शाळेपुढं मनाई, स्टँडवर मनाई. उरली फक्त हायवेच्या फाट्यावरची जागा, जिथं कार्यालयाची हद्दही संपत होती आणि जबाबदारीही.

फ्लेक्सचा मजकूर सरांनीच लिहिला. 'ॲड. शिवरंजनी हिंमतराव कवडे यांची बारच्या सचिवपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तारामतीबाईंनी 'वकील संघ' लिहा म्हणून परोपरीनं सांगितलं. पण आता माघार घेतली तर काल आपण चुकलो असं होईल, आणि सर तर चुकले नव्हते. छापखान्यात जाऊन त्यांनी संगणकावर ऱ्हस्व-दीर्घ तपासले. 'हार्दिक'चा रफार नीट होता. 'बिनविरोध'ची पहिली वेलांटी ऱ्हस्वच होती. समाधानानं ते घरी आले.

त्यांनी तपासलं नाही ते एवढंच, की छापणाऱ्यानं शोभेसाठी फोटोमागची बाजू काळीकुट्ट करून तिच्यावर रंगीबेरंगी दिवे सोडले होते. त्या काळ्यात काळा कोट विरघळून गेला. उरला फक्त दिव्यांच्या झगमगाटात हसणारा शिवरंजनीचा चेहरा. आणि फाट्यावर हैदरभाईंच्या माणसांनी तो फ्लेक्स जिथं बांधला, त्याच्या बरोब्बर वर आधीपासूनची एक पाटी होती: 'परमिट रूम व बिअर बार. आत बसण्याची उत्तम सोय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सर बाजारातून मेथीची जुडी घेऊन परतले, तर हैदरभाई ओट्यावर खुशीत बसलेले.

"सर, तुमचे पाहुणे येऊन गेले. पटकेवाले. काठी, गळ्यात माळ."

सरांच्या हातातली मेथी खाली आली. "आण्णा? कधी?"

"आत्ताच. तुमच्या दाराला कडी होती. वहिनी गिरणीत गेल्यात ना. म्हणलं, बसा, पाणी घ्या. बेटी कशी हाय विचारत होते. म्या काय कमी सांगतो का? म्हणलं, लाखात एक! लहान होती तवापासनं बघतो. दिवाळीला दारू घेऊन आलो की सगळ्यात आधी हीच पळत यायची!"

"दारू म्हणालात?"

"मग? विचारलं, दारू कुणाची? म्हणलं, आमचीच. आज्यापासनं घरीच बनवतो, सरकारी परवाना हाय. आन म्हणलं, आण्णा, तुमी दारूची बिलकूल फिकीर करू नका. पोरीच्या लग्नात सगळी दारू माझ्याकडनं. असा बार उडवून देतो का नाय, तुमच्या गावापातूर आवाज जाईल!"

सर ओट्याच्या पायरीवर बसले. 

"हैदरभाई, तुम्ही फटाके हा शब्द वापरलात का?"

हैदरभाईंनी आठवून पाहिलं. त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या शोभेच्या दारूला दारूच म्हणत आल्या होत्या.

"या अल्ला," ते म्हणाले.

"मग कुठं गेले ते?"

"बार कुठाय विचारलं. म्हणलं, फाट्यावर बेटीचा फोटो लावलाय, तिथं बघा. जीपगाडीत बसवून दिलं सर मीच."

हैदरभाईंच्या मोटारसायकलवर मागं बसून, मेथीची जुडी छातीशी धरून, सर फाट्याकडं निघाले. वाटेत त्यांनी लेकीचं लग्न मोडलेलं पाहिलं, ती जन्मभर आपल्याशी बोलत नाही हेही पाहिलं, आणि गावातली पोरं मागनं 'बारवाले सर' म्हणून हाक मारतात तेही ऐकून घेतलं. फाटा जवळ आला तसा लेकीचा हसरा चेहरा दिसला आणि वरची पाटीही दिसली. सरांनी डोळे मिटले.

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून गेल्यावर काही दिसेना. गारवा, टीव्हीवर क्रिकेट, देवाच्या फोटोपुढं उदबत्ती. डोळे सरावले तेव्हा गल्ल्यापुढं दगडोबा आण्णा दिसले. काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभे. कशाला अंग लागू नये म्हणून पांढरं धोतर आवरून धरलेलं. समोर घामेजलेला मॅनेजर.

"आण्णा, बसा तर खरं. फॅमिली सेक्शन वर हाय."

"फॅमिलीच हुडकतोय म्या! सेक्रेटरीला बलवा!"

"सेक्रेटरी? सोसायटीचा का?"

कोपऱ्यातल्या टेबलाशी एक जण मोबाइल उभा धरून बसला होता. तो आण्णांच्याच वाडीचा रणधीर. गेल्याच महिन्यात त्यानं आण्णांच्या पायावर हात ठेवून दारू सोडली होती. आण्णांना आत येताना पाहून तो आधी टेबलाखाली गेला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्यापेक्षा मोठी बातमी आण्णा आहेत, आणि त्यानं फोटो काढला.

"आण्णा!" सर म्हणाले.

आण्णांनी वळून पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सरांना सोसवला असता. पण आण्णांचे डोळे भरून आलेले होते.

"सर, मास्तर मानूस तुमी. पोरीला हितं बसवलाव?"

पुढं सरांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. साधं 'गैरसमज झाला' म्हणून हाताला धरून बाहेर काढायचं, तर त्यांनी गल्ल्याला लावलेल्या पितळी दांडीवर हात ठेवला.

"आण्णा, ही बघा. ही दांडी. इंग्रजीत बार म्हणजे मुळात आडवी दांडी. दारू विकणारा आणि पिणारा यांच्यात ही दांडी, म्हणून हा बार. आणि विलायतेच्या कोर्टातही अशीच दांडी. अलीकडं लोक, पलीकडं न्यायाधीश. त्या दांडीपाशी उभं राहून बोलायचा मान ज्याला, तो वकील. म्हणून वकिलांचाही बार!"

सगळा गुत्ता ऐकत होता. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ह्यो शब्द इंग्रजांचा?" आण्णांनी विचारलं.

"त्यांनी फ्रेंचांकडून घेतला."

"आन फ्रेंचांनी?"

इथं सरांचा बाणा आडवा आला. खोटं सांगता येईना. "ते निश्चित ठाऊक नाही. विद्वानांनाही नाही."

"म्हंजी खानदानाचा पत्ता न्हाय," आण्णा म्हणाले. "आन असल्या शब्दावर तुमी पोरीला उभं केलाव."

एका टेबलावरून शंका आली, "सर, पडू नये म्हणून धरायला असती ना ही दांडी?" सर त्याला उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं.

गिरणीतून परतलेल्या तारामतीबाईंनी हैदरभाईंच्या घरातून हकिकत ऐकली होती आणि थेट कोर्टात फोन लावला होता. शिवरंजनी काळ्या कोटात, गळ्याला पांढरी पट्टी, दारातच थांबली. आत दोघातिघांनी लगबगीनं ग्लास टेबलाखाली सरकवले. कोर्टात तारीख असलेली माणसं होती ती.

"नमस्कार आजोबा," ती म्हणाली.

आण्णांनी कोटाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं. "तू हितं बसतीस?"

"नाही. मी आज पहिल्यांदाच आले. तुम्ही?"

"म्या बी पयल्यांदाच."

"बाबा, तुम्ही?"

"मीही," सर म्हणाले. "शिवा, मी फक्त उगम..."

"बाबा, तुम्ही आता एक शब्द बोलू नका."

एवढ्या वर्षांत सरांना गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं. ते गप्प बसले. मेथीची जुडी अजून हातात होती. मॅनेजरनं ती हळूच काढून घेतली, पाण्याचा हबका मारला आणि परत दिली. त्या दिवसात सरांशी मायेनं वागलेला तो एकटाच.

शिवरंजनी दोघांना तिथून थेट कोर्टात घेऊन आली. कोर्टाच्या आवारातली बाररूम म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, फायलींचे गठ्ठे, खडखडणारा पंखा, आणि कायद्याच्या जाड पुस्तकांवर ठेवलेले चहाचे कप. कोपऱ्यात एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. शिवरंजनी तिला "आलेच हं" म्हणाली आणि आण्णांना खुर्ची दिली. आण्णा बसले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. बाटली एकच होती, ती पाण्याची. चार वकील उठून उभे राहिले आणि त्यांनी आण्णांना नमस्कार केला.

"ह्योच का बार?"

"हाच, आजोबा."

आण्णांनी चहा बशीत ओतला. पण प्यायले नाहीत. "घरात म्या कुनाला बोललो न्हाय पोरी. युवराजला बी न्हाय. म्हणलं, खोटं निघालं तर तुजं नाव उगं खराब व्हायचं. आदी डोळ्यानं बघावं."

शिवरंजनीनं बाबांकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही कुणाला बोलला नाहीत. आणि बाबांनी फ्लेक्स लावला."

सर खिडकीबाहेर बघू लागले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात आण्णांचा फोन वाजला. फोन दगडाबाईंचा, म्हणजे त्यांच्या कारभारणीचा. आण्णांना कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जायचा.

"कुठं हाव?"

"बारात हाय," आण्णा सरळपणे म्हणाले.

"अजून?"

आण्णांनी बशी खाली ठेवली. रणधीरनं काढलेला फोटो वाडीत पोचून फिरूनही झाला होता. दारूबंदी समितीच्या बाया ओसरीवर जमल्या होत्या. दगडाबाई रडत होत्या की ओरडत होत्या, ते नीट कळत नव्हतं.

"आगं, पोरीसंगं हाय म्या!"

"कुठल्या पोरीसंगं!"

शिवरंजनीनं फोन अलगद काढून घेतला. "आजी, मी शिवरंजनी. आजोबा वकिलांच्या खोलीत बसलेत, चहा पितायत. जेवायला घालून संध्याकाळच्या आत घरी सोडते." एवढंच. दांडी नाही, फ्रेंच नाहीत. पलीकडचा आवाज निवळत गेला. सरांना ते ऐकून अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं.

पण दगडाबाईंची समजूत पटली तेवढ्यावर वाडीची पटणारी नव्हती. समितीचा नियम होता: गुत्त्यात पाऊल टाकणाऱ्यानं चारचौघांत उभं राहून कबुली द्यायची. नियम आण्णांनीच केलेला. रविवारी मांडवात पाहुणे बसले, शिवरंजनी आणि युवराज पाटावर बसले, तरी माणसं एकमेकांच्या कानाला लागत होती. मागच्या रांगेत रणधीर होता. समितीची एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, "आण्णा, आदी त्ये सांगा, मंग कुंकू लागंल." युवराज उठायला लागला, त्याला आण्णांनी हातानं बसवलं. तारामतीबाईंनी सरांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता.

'वकिलांच्या खोलीत गेलो होतो' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शिवरंजनीनं तसं सुचवलंही होतं. आण्णा उभे राहिले.

"खोटं बोलनार न्हाय," ते म्हणाले. "म्या दोन बारात जाऊन आलो. पयल्या बारात नातसून हुडकत गेलतो. तिथं सून न्हाय घावली, रणधीर घावला."

मांडवात खसखस पिकली. रणधीर उठून बाहेर गेला.

"दुसऱ्या बारात सून घावली. तिथं एक बाई लेकरू घेऊन बसलीती. नवरा पिऊन मारतोय म्हणून आलीती, आन ही पोर तिचं काम बघत हुती. म्या तासभर बसलो तिथं. पयल्यात पाय ठिवला त्याची माफी मागतो. दुसऱ्यात गेलो त्याची न्हाय मागनार."

म्हातारीनं कुंकवाची वाटी उचलली. तारामतीबाईंनी सदरा सोडला. साखरपुडा झाला.

"पर आण्णा, दोनी बी बार कसं म्हणायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्ये सर सांगत्याल," आण्णा म्हणाले.

सर उभे राहिले. त्यांनी शिवरंजनीकडं पाहिलं. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली, म्हणजे परवानगी दिली. सरांनी घसा साफ केला आणि दांडीपासून सुरुवात केली. ते कोर्टापर्यंत आले तेव्हा आचाऱ्यानं हाळी दिली, "पंगत बसलीय!" मांडव भराभर रिकामा झाला. सरांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. समोर सतरंजी, चार सांडलेल्या अक्षता, आणि मांडी घालून बसलेले एकटे दगडोबा आण्णा.

"बोला की. त्या दिशी फ्रेंचांपातूर आलतो."

"राहू द्या आण्णा, जेवण..."

"जेवान रोजचंच हाय."

मग सर त्यांच्यापुढं सतरंजीवरच बसले. दांडीवरून साबणाच्या वडीवर गेले, वडीवरून तुरुंगाच्या गजांवर. "आणि दांडी आडवी घातली की वाट अडते. म्हणून क्रियापद म्हणून वापरला तर बार म्हणजे रोखणं, मनाई करणं. बंदी."

आण्णांची मान वर आली. "बंदी?"

"हो. बंदी."

"म्हंजी म्या वाडीत दारूचं जे केलं, त्ये बी बारच?"

"अचूक! इंग्रजीत अगदी तस्संच म्हणतात."

आण्णांनी काठी जमिनीवर आपटली. "अवो सर! मंग त्या दिशी फोनवर ह्येच सांगाया काय झालतं तुमाला?"

 सर ओशाळून सतरंजीचे धागे ओढत राहिले. पंगतीतून लोक दोघांना हाका मारत होते. आण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते काठी मांडीवर आडवी ठेवून आणखी पुढं सरकले.

"बरं, त्ये जाऊंद्या," ते म्हणाले. "आता सेक्रेटरी ह्यो शब्द कुठला, त्ये सांगा."